लेंट: चाळीस दिवस नेमकं सोडायचं काय?

गोदाकाठची | २० फेब्रुवारी २०२६, रात्री १०:४२

परवा बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस घेऊन चर्चमधून निघाले ती थेट भाजी घ्यायला गेले. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "ताई, शिवरात्र तर रविवारीच झाली. आज कुठं जाऊन आल्या?" म्हटलं, मावशी, आमचा उपवासाचा काळ आजपासून लागला. त्यांनी लगेच विचारलं, "मग रताळी देऊ का?" आता ह्या उपवासाला रताळं चालतं, वांगं चालतं, भाकरीही चालते, हे त्या गर्दीत कुठं समजावत बसणार? अर्धा किलो घेऊन आले. दोन दिवस रताळ्याचा कीस चालू आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेंट म्हणजे ईस्टरआधीचे चाळीस दिवस. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची ही आठवण. यंदा १८ फेब्रुवारीला राखेचा बुधवार झाला, ५ एप्रिलला ईस्टर. मोजून पाहाल तर मधले दिवस ४६ भरतात. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्या दिवशी उपास नाही, म्हणून सहा रविवार वजा.

धागा काढायचं कारण वेगळं आहे. आमच्या मंडळीत राखेच्या बुधवारी घरटी एक पाकीट देतात. चाळीस दिवसांत उपास करून, काही सोडून जे पैसे वाचतील ते त्यात टाकायचे आणि ईस्टरला वेदीपाशी आणून ठेवायचे. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत, जन्म नाशिकच्या शरणपूरचाच. गेल्या वर्षी सहा आठवडे दर बुधवारी आणि शुक्रवारी रात्री त्या जेवल्या नाहीत. दूध-भाकरीसुद्धा नाही. जे वाचलं ते रोजच्या रोज, पाच-दहा रुपयांच्या हिशोबाने, पाकिटात. ईस्टरनंतर महिन्याभराने कळलं की सगळ्या पाकिटांचे पैसे मिळून नवीन साउंड सिस्टीम आली. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "म्हणजे मी उपाशी राहिले ते माइकसाठी."

साउंड सिस्टीमची गरज होती, हे मलाही मान्य आहे. मागच्या बाकांवर प्रवचन ऐकूच यायचं नाही. पण त्यांचं ते वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही. मी चहा सोडला, लेकीने मोबाइलवरचे रील्स सोडले, नवऱ्याने मटण सोडलं (म्हणजे रविवारपुरतं ठेवलं). ह्यातून कोणाचं काय भलं होतं? तुमच्याकडे लेंट कसा पाळतात आणि वाचलेल्याचं काय करतात, ते वाचायला आवडेल. इतर धर्मीयांनीही लिहा.

---

कट्ट्यावरचा_बंड्या | २० फेब्रुवारी, रात्री ११:१५

रताळ्याचा किस्सा भारी. आमच्या घरी 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हेच व्रत मनोभावे पाळलं जातं. एक बाळबोध प्रश्न: गोव्याचा कार्निव्हल ह्याच्या बरोबर आधी असतो ना? म्हणजे ती तुमची गटारी म्हणायची का?

---

गोदाकाठची | २० फेब्रुवारी, रात्री ११:३१

हाहा, अगदी गटारीच! फक्त तुमच्या गटारीनंतर श्रावण लागतो, ह्या गटारीनंतर राख. आमच्याकडे नाशकात तसं काही होत नाही हं. फार तर मंगळवारी रात्री 'उद्यापासून नाही' म्हणत बिर्याणी.

---

लासलगावचा_कांदा | २१ फेब्रुवारी, सकाळी ८:०५

कांदेनवमी विसरलात का? आजी चातुर्मासात कांदा-लसूण खायची नाही, म्हणून आषाढ नवमीला घरात कांद्याची भजी, कांद्याची थालीपीठं, कांद्याचं सगळंच. चातुर्मास लागायच्या आत टोपली रिकामी झाली पाहिजे. इंग्लंडात राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी पॅनकेक करतात तेही त्यातलंच, घरातली अंडी-लोणी संपवायला. माणूस सगळीकडे सारखाच. सोडायच्या आधी पोटभर खाऊन घेतो.

---

नाशिकरोडकर_७ | २१ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

आम्ही कॅथलिक. आमच्याकडे ह्याला प्रायश्चित्तकाळ म्हणतात आणि नियम ठरलेले आहेत. राखेचा बुधवार आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) ह्या दोन दिवशी उपास, म्हणजे एकच पूर्ण जेवण आणि दोन वेळा अगदी थोडं. तो १८ पूर्ण झाल्यापासून ५९ पूर्ण होईपर्यंत. ह्या दोन दिवशी आणि प्रायश्चित्तकाळातल्या सगळ्या शुक्रवारी मांस वर्ज्य, ते १४ वर्षांपासून पुढे. आजाऱ्याला सूट.

मासे चालतात. इथेच घोळ आहे. शुक्रवारी चिकन नाही म्हणून पापलेट आणणारे महाभाग आमच्याच बिल्डिंगमध्ये आहेत. पापलेटचा भाव बघता हा त्याग चिकनच्या दुप्पट महाग पडतो.

शुक्रवारी संध्याकाळी क्रूसाची वाट असते. येशूच्या क्रूसाकडे जाण्याची चौदा स्थानं, प्रत्येक स्थानापुढे गुडघे टेकायचे. ह्या काळात 'आलेलुया' म्हणत नाहीत, वेदीवर फुलं नाहीत, वस्त्रं जांभळी. लहानपणी मला ती फुलांशिवायची वेदी बघून दर वर्षी धस्स व्हायचं. पाहुणे निघून गेलेल्या घरासारखी दिसायची. तुमच्या सासूबाईंच्या उपासाला तोड नाही, पण कायद्याने त्यांना तो लागूच नाही, हे त्यांना सांगा.

---

गोदाकाठची | २१ फेब्रुवारी, सकाळी १०:०२

सांगितलं. "कायदा तुमच्या फादरना सांग, मी पोटाला सांगितलंय" असं उत्तर आलं.

---

वचनप्रेमी | २१ फेब्रुवारी, दुपारी १:२०

जय ख्रिस्त. कोणाचं मन दुखवायचं नाही, पण बायबलमध्ये लेंट हा शब्द दाखवा. राखेचा बुधवार दाखवा. उलट मत्तयच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो की उपास करशील तेव्हा तोंड धू, डोक्याला तेल लाव, लोकांना दिसू देऊ नको. आणि नेमका तोच उतारा राखेच्या बुधवारी चर्चमध्ये वाचतात आणि लगेच कपाळावर राख लावून बाहेर पाठवतात! मी पूर्वी असल्याच मंडळीत होतो. आता आमच्या प्रार्थनाभवनात महिन्याला तीन दिवसांचा उपास असतो, पाण्यावर. जांभळे पडदे नाहीत.

---

जुनापाना | २१ फेब्रुवारी, दुपारी ३:५५

वचनप्रेमी यांचा राखेबद्दलचा मुद्दा खरा आहे आणि तो विनोद दर वर्षी पुलपिटवरूनही कोणीतरी करतंच. पण थोडा इतिहास बघू या.

शब्द बायबलमध्ये नाही, बरोबर. ईस्टरआधीच्या ह्या चाळीस दिवसांचा उल्लेख इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेच्या पाचव्या नियमात येतो, तोही सहज, सगळ्यांना माहीतच आहे अशा थाटात. ईस्टरला बाप्तिस्मा घेणाऱ्यांची तयारी ह्या काळात व्हायची. हळूहळू बाप्तिस्मा झालेल्यांनीही त्यांच्याबरोबर उपास धरला. चाळीस ह्या आकड्याला मात्र बायबलमध्ये भक्कम आधार आहे. मोशे डोंगरावर चाळीस दिवस, एलीया होरेबकडे चालला तो चाळीस दिवस, निनवेला दिलेली मुदत चाळीस दिवस.

आता आपल्या गावचं. नाशिकचं जुनं मिशन अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेचं), म्हणजे चर्च मिशनरी सोसायटीचं. नगरकडचं अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासूनचं, पण ते काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघणाऱ्या परंपरेचं. त्यांच्याकडे लेंट वगैरे पाळण्याची रीत नव्हती, प्रत्येक रविवार हाच ईस्टर. पुढे १९७० मध्ये नागपूरला सहा चर्च-परंपरा एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी झाली आणि दोन्हीकडची कुटुंबं एका बाकावर आली. त्यामुळे आजही एकाच मंडळीत एक घर लेंटमध्ये लग्न ठरवायलाही बसत नाही आणि शेजारचं घर मार्चमध्ये बिनधास्त साखरपुडा करतं. दोघंही म्हणतात, आमच्याकडे पूर्वापार असंच आहे. दोघंही खरं बोलतात.

आणखी एक गंमत. राख ही 'जुनी पद्धत' म्हणून सांगतात, पण अँग्लिकनांच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात कपाळाला राख लावायचा विधीच नाही. त्या दिवशी शापवचनं वाचायची उपासना आहे. सासूबाईंना विचारा, त्यांच्या लहानपणी राख होती का?

---

गोदाकाठची | २१ फेब्रुवारी, सायंकाळी ६:३०

विचारलं. नव्हती! "राख कॅथलिकांची, आमच्याकडे नुसती उपासना. राख नंतर आली" असं म्हणाल्या. मी माहेरची नगरकडची (आताचं अहिल्यानगर), त्यामुळे लग्न होईपर्यंत लेंट हा शब्द मला कॅलेंडरपुरताच माहीत होता. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी लेंटमध्ये वाढदिवसाचा केक आणला आणि दिवसभर घरात सन्नाटा. जुनापाना, वीस वर्षांपूर्वी तुम्ही हे लिहिलं असतं तर मी वाचले असते.

राख कुठून येते तेही सांगते. गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) वाटलेल्या झावळ्या घरोघरी वाळवून ठेवलेल्या असतात. त्या परत गोळा करून जाळतात. आमच्या देवघर नसलेल्या घरात ती झावळी वर्षभर येशूच्या फोटोमागे खोचलेली असते.

---

पॅकहाउस_नाइट_शिफ्ट | २२ फेब्रुवारी, पहाटे २:१८

वाचतोय. पिंपळगावकडे द्राक्षाच्या पॅकहाउसला आहे, सध्या सीझन. बारा-बारा तास उभं राहून काम. थंड खोलीत मण्यांची छाटणी, पनेट (द्राक्षांच्या छोट्या डब्या) भरणं, वजन, परत छाटणी. मी सुपरवायझर आहे, पण बायकांचं काम बघतो तेव्हा मलाच दम लागतो. पेठ-सुरगाण्याकडून आलेली कुटुंबं आहेत, बागेतच पाल टाकून राहतात. माझ्या लाइनमध्ये दोघी ख्रिस्ती आहेत. बुधवारी उपास धरला, अकरा वाजता एकीला चक्कर आली.

मालक आपल्यातलाच, मंडळीत मानाचा माणूस. लेंटमध्ये रोज चर्चला असतो. पण ओव्हरटाइमचं विचारलं की म्हणतो सीझन संपल्यावर बघू. मला फक्त एवढंच विचारायचंय की अशा कामावर उपास धरला नाही तर पाप का?

---

जुनापाना | २२ फेब्रुवारी, सकाळी ७:४४

पाप अजिबात नाही. आधी त्या ताईंना कोणीतरी मोसंबी द्या.

तुमच्या प्रश्नावर पाचशे वर्षांपूर्वी अख्खं झुरिक शहर भांडलंय. १५२२ च्या लेंटमध्ये फ्रोशाउअर नावाच्या छापखानेवाल्याच्या घरी सॉसेज खाल्ले गेले. मांस खाणं तेव्हा गुन्हा होता. त्याने कोर्टात काय सांगितलं असेल? फ्रँकफर्टच्या जत्रेआधी पुस्तक पुरं करायचंय, माणसं रात्रंदिवस राबतायत, नुसत्या लापशीवर ती कशी टिकणार? झ्विंग्ली हा धर्मोपदेशक तिथे हजर होता. त्याने स्वतः खाल्लं नाही, पण नंतर प्रवचन दिलं की उपास हा ज्याच्या-त्याच्या मर्जीचा, त्याची सक्ती करता येत नाही. स्वित्झर्लंडची धर्मसुधारणा त्या सॉसेजपासून सुरू झाली असं मानतात. म्हणजे सीझन, डेडलाइन, उभ्याने काम, हे सगळं त्या भांडणाच्या मुळाशी होतं.

मालकाबद्दल मी काही बोलत नाही. त्यांनी यशया ५८ वाचावा. तिसऱ्याच वचनात आहे: उपासाच्या दिवशीही तुम्ही आपलाच धंदा बघता आणि मजुरांकडून राबवून घेता.

---

वचनप्रेमी | २२ फेब्रुवारी, सकाळी ११:१०

आमेन. ह्यावर माझं आणि जुनापाना यांचं एकमत आहे, तारीख लिहून ठेवा.

---

शरणपूरची_चिंच | २२ फेब्रुवारी, दुपारी ४:२५

यशया ५८ निघालाच आहे तर मी बोलते, कारण तो अध्याय आमच्या गल्लीचा आहे असं मला नेहमी वाटतं. मला आवडतो तो उपास कोणता, तर जोखडाची बंधनं सोडणं, पिचलेल्यांना मोकळं करणं, भुकेल्याला आपली भाकर वाटून देणं.

शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात. कितीजणांना माहीत असेल की एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनच्या आश्रमात आफ्रिकेची मुलं राहत होती? अरब गुलामवाल्यांच्या जहाजांवरून इंग्रज आरमाराने सोडवलेली. इथे शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेले मिशनरी डॉ. लिव्हिंगस्टन १८७३ मध्ये तिथेच वारले तेव्हा त्यांचं हृदय तिथे झाडाखाली पुरलं, त्या दफनावेळी प्रार्थना वाचली ती ह्याने, झाडावर नाव कोरलं तेही ह्याने. पुढे त्याने शवाबरोबर इंग्लंडपर्यंत प्रवास केला. १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये पार्थिवाला खांदा देणाऱ्यांत आपला शरणपूरचा पोरगा होता. इथली बरीच माणसं नंतर मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन ह्या सोडवलेल्या गुलामांच्या वस्तीत गेली.

गावाचं नावच शरणपूर. अशा ठिकाणी चाळीस दिवस बसून मटण की मासे ह्यावर चर्चा करायची म्हणजे मला आमच्या वाडवडलांची लाज वाटते. (अवांतर: आमच्या घरासमोरचा रस्ता कुंभाच्या कामासाठी तिसऱ्यांदा खणलाय. राखेच्या बुधवारी अंगभर धूळ फुकट मिळाली.)

---

ओझरचा_पाहुणा | २३ फेब्रुवारी, रात्री ९:०३

मी मल्याळी, वीस वर्षे ओझरला. मराठी चुकलं तर समजून घ्या. आम्ही ऑर्थोडॉक्स सिरियन. आमचं नोंबु (उपासाचा काळ) पन्नास दिवसांचं असतं आणि राखेच्या बुधवारची वाट बघत नाही, सोमवारपासूनच सुरू. मांस, मासे, अंडी, दूध सगळं बंद. माझी बायको चहा काळा पिते आणि सगळ्यांवर चिडते. पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) घरी पेसहाची (वल्हांडणाची) भाकरी करतो, तांदूळ आणि उडदाची, यीस्ट न घालता. कुटुंबातला मोठा माणूस तुकडे करून देतो. माझ्या शेजारचे काका वारकरी आहेत, ते म्हणतात तुमचं नोंबु आमच्या जवळचं आहे, तुम्ही दूधसुद्धा सोडता म्हणजे आमच्यापेक्षा कडक.

वाचलेले पैसे? खरं सांगू, वाचत नाहीत. नारळ आणि भाज्यांत जातात.

---

कट्ट्यावरचा_बंड्या | २३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

वाचनखूण साठवली. अजून एक बाळबोध प्रश्न. ईस्टरची तारीख दर वर्षी का हलते? ख्रिसमस कसा शहाण्यासारखा एका जागी बसतो.

---

जुनापाना | २३ फेब्रुवारी, रात्री १०:१२

चंद्रामुळे. २१ मार्चला किंवा नंतर जी पौर्णिमा येईल तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. म्हणून तो २२ मार्च ते २५ एप्रिल ह्यांत कुठेही येतो. आपल्या पंचांगात बघा: यंदा २ एप्रिलला चैत्री पौर्णिमा, हनुमान जयंती, त्याच दिवशी आमचा आज्ञा गुरुवार (म्हणजेच पवित्र गुरुवार), आणि ५ ला ईस्टर. २०२४ ला मात्र होळीची पौर्णिमा धरली गेली आणि ३१ मार्चलाच ईस्टर झाला. यंदा शिवरात्र, लेंट आणि रमजान एकाच आठवड्यात आले. नाशकात त्या आठवड्यात दुपारी डबा उघडायची चोरी होती.

---

नाशिकरोडकर_७ | २४ फेब्रुवारी, सकाळी ८:५०

मूळ प्रश्न बाजूला पडला. पाकिटाचं काय? आमच्याकडे प्रायश्चित्तकाळातली देणगी कशासाठी आहे ते आधीच जाहीर होतं. तुम्ही कमिटीला आधी विचारा. ईस्टरनंतर भांडून उपयोग नाही.

---

शरणपूरची_चिंच | २४ फेब्रुवारी, सकाळी ९:१५

आमची आजी पाकीट वगैरे करायची नाही. भाताला तांदूळ घेतला की त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात. लेंटभर. ईस्टरच्या आदल्या शनिवारी तो डबा कोणाच्या तरी घरी पोचायचा. कोणाच्या, ते आम्हा मुलांना कधी सांगितलं नाही. तांदळाची साउंड सिस्टीम होत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

---

गोदाकाठची | २३ मार्च, रात्री १०:२०

महिनाभराने येतेय, लेकीची परीक्षा होती. (रील्स सोडल्याने अभ्यास झाला असं तिचं म्हणणं आहे. निकाल लागू दे.)

पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीच्या) बैठकीत पाकिटाचा विषय काढला. नवऱ्याने आधीच सांगितलं होतं, शांतपणे बोल. शांतपणेच बोलले. एक गृहस्थ म्हणाले, देवाला अर्पण केलं की ते देवाचं, त्याचा हिशोब मागायचा नसतो. पाळकसाहेब गप्प होते. मग महिला संघाच्या एक काकू उठल्या आणि म्हणाल्या, "देव हिशोब मागत नाही, पण मी मागते." सगळे हसले आणि ताण जरा गेला.

ठरलं ते असं. निम्मे पैसे सरकारी दवाखान्याबाहेर रात्र काढणाऱ्या नातेवाइकांच्या जेवणाला, निम्मे छताच्या गळतीला. मला पूर्ण हवे होते. छत गळतं हे मात्र खोटं नाही, जून आला की बादल्या मांडतो. ईस्टरच्या उपासनेत आकडा वाचून दाखवायचा, हेही ठरलं. ते मात्र पूर्ण मिळालं.

पॅकहाउसवाले दादा, तुमच्या त्या दोघींचं काय झालं?

---

पॅकहाउस_नाइट_शिफ्ट | २४ मार्च, पहाटे १:५०

बऱ्या आहेत. मी लाइनवर दहा वाजता चहा-बिस्कीट सुरू केलं, सगळ्यांनाच, उपासवाल्यांनाही. त्यातली एक म्हणाली, "दादा, देवाला सांगून ठेवा तुम्ही दिला म्हणून." ओव्हरटाइम अजून नाही.

---

कट्ट्यावरचा_बंड्या | २४ मार्च, सकाळी ९:३०

झावळ्यांचा रविवार ह्याच २९ ला ना? मिरवणूक बघायला आलं तर चालतं का आम्हाला? आणि सासूबाई काय म्हणाल्या ठरलं त्यावर?

---

गोदाकाठची | २४ मार्च, सकाळी १०:०५

चालतं की, या. सकाळी साडेसातला, रस्ता खणलाय म्हणून गाडी लांब लावा. झावळी मिळेल, ती फेकू नका, पुढच्या वर्षी राखेला परत द्यायची असते.

सासूबाई काही म्हणाल्या नाहीत. रात्री पाकीट मागून घेतलं आणि त्यावर त्यांच्या जुन्या वळणाच्या अक्षरात पेनाने लिहिलं: 'जेवणासाठी. छतासाठी वेगळे देईन.'